एकाच गाडीचे चार अवतार आणि वजनाचा तराजू

शर्यत संपली की पहिल्या काही क्रमांकांच्या गाड्या वजनकाट्याकडे वळवल्या जातात. चालक उतरत नाही. घामाने भिजलेल्या सूटमध्ये तो आतच बसून राहतो, कारण मोजायचे असते ते गाडी आणि माणूस मिळून. टाकीत पेट्रोल उरले असेल तेवढेच धरायचे. काट्यावरचा आकडा त्या गाडीच्या किमान वजनाखाली गेला, तर ट्रॅकवर कमावलेला क्रमांक तिथेच हातचा जाऊ शकतो. यात ‘त्या गाडीच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकाच वर्गात, एकाच शर्यतीत, दाराला दार लावून पळणाऱ्या दोन गाड्यांची किमान वजने वेगळी असू शकतात. एकीला हलके राहण्याची मुभा, दुसरीला जड राहण्याची सक्ती. ज्याच्या वाट्याला सक्ती येते त्याला ती अन्याय वाटते, आणि ज्याला मुभा मिळते त्याला ती अपुरी वाटते. दोघांचेही म्हणणे मनापासूनचे असते, म्हणूनच ते नीट तपासले पाहिजे. त्यासाठी मी एकच वर्ग निवडला आहे: अमेरिकेतल्या हौशी रेसिंगमधला स्पेक मियाटा.

गाडी एक, इंजिने चार

माझदाने मियाटा १९८९ साली लोकांपुढे आणली. छोटी, दोन आसनांची, मागच्या चाकांना जोर देणारी, वजनाने टनाच्या आसपास. अमेरिकेत विकल्या गेलेल्या पहिल्या गाड्यांत १.६ लिटरचे इंजिन होते आणि कंपनीने त्याची शक्ती ११६ अश्वशक्ती सांगितली होती. १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटरचे इंजिन आले, १२८ अश्वशक्तीचे. त्याबरोबर मागच्या दोन चाकांना शक्ती वाटून देणारा डिफरन्शियल अधिक दणकट झाला आणि पुढच्या ब्रेकच्या डिस्क २३५ मिलिमीटरवरून २५५ वर गेल्या. १९९९ च्या मॉडेलला दुसरी पिढी आली, उघडमीट करणारे हेडलाइट गेले आणि शक्ती १४० झाली. २००१ मध्ये त्याच इंजिनाला व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा जोडली गेली.

त्या २००१ च्या गाडीची गोष्ट या प्रकरणाला फार लागू आहे. जाहिरातीत तिची शक्ती १५५ अश्वशक्ती छापली होती. प्रत्यक्षात ती तेवढी नव्हती. कंपनीला आकडा १४२ वर आणावा लागला आणि ग्राहकांना गाड्या परत घेण्याची तयारी दाखवावी लागली. ज्या कारखान्याने इंजिन बनवले त्याचाच छापील आकडा तेरा अश्वशक्तींनी चुकीचा ठरला. तेव्हा माहितीपत्रकातली शक्ती आणि माहितीपत्रकातले वजन घेऊन भागाकार करायचा आणि त्यावरून वजन वाढवायला कोणाच्या गाडीत किती शिसे ठेवायचे ते ठरवायचे, ही पद्धत किती ठिसूळ आहे हे वेगळे सांगायला नको.

हौशी चालकांना ही गाडी आवडली, कारण ती स्वस्तात मिळत होती, सुटे भाग मुबलक होते आणि चुका पोटात घालणारी होती. त्यातून ‘स्पेक’ वर्ग उभा राहिला. सगळ्यांना ठरवून दिलेलेच स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर, ठरवून दिलेलेच टायर, इंजिन जवळपास कारखान्यातून आले तसे. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही १९४४ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत, म्हणजे रनऑफ्समध्ये, हा वर्ग २००६ साली दाखल झाला. नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन ही दुसरी संस्थाही हाच वर्ग वेगळ्या टायरवर चालवते.

आता पेच असा. चार वेगवेगळ्या इंजिनांचे चार वर्ग केले असते, तर प्रत्येक वर्गात मूठभर गाड्या उरल्या असत्या आणि चाळीस-पन्नास गाड्या चिकटून पळण्याची जी मजा या वर्गाची ओळख आहे, ती जन्मालाच आली नसती. म्हणून चौघींना एकाच वर्गात घेतले. ११६ पासून १४२ पर्यंतचे अंतर मिटवायला दोन साधने वापरली गेली: मॉडेलनुसार किमान वजन, आणि नव्या इंजिनांच्या हवेच्या वाटेत बसवलेली, ठरावीक मापाचे भोक असलेली चकती, म्हणजे रिस्ट्रिक्टर प्लेट. सर्वांत जुन्या १.६ ला सर्वांत कमी वजनाची सवलत. हा तक्ता एकदाच ठरला असे नाही. वर्षानुवर्षे त्यात फेरफार होत आले आहेत आणि प्रत्येक फेरफारावर वाद झाला आहे.

नुसते वजन पुरले असते का?

आधी सरळ हिशेब करून पाहू. चालकासह १.६ ची गाडी १,०३० किलोची धरली, तर एका अश्वशक्तीच्या वाट्याला साधारण ८.९ किलो येतात. १९९४ च्या १२८ अश्वशक्तीच्या गाडीला याच प्रमाणात बसवायचे तर ती सुमारे १,१३७ किलोची हवी, म्हणजे १०७ किलो जड. १९९९ च्या १४० अश्वशक्तीच्या गाडीला बसवायचे तर १,२४३ किलो, म्हणजे २१३ किलो जास्त. दोन धडधाकट माणसे आणि वर एक मूल यांना कायमचे शेजारच्या बाजूला बांधून शर्यत करायची, असा हा प्रकार होईल. टायर, ब्रेक, चाकांची बेअरिंग यांचे काय होईल ते उघड आहे. प्रत्यक्ष नियमावलीत जड आणि हलक्या मॉडेलमधला फरक याच्या जवळपासही कधी गेला नाही, तो त्यामुळेच. उरलेले काम चकतीवर सोपवले गेले.

पण मूळ अडचण २१३ किलो ठेवायचे कुठे ही नाही. ते ठेवता आले असते, तरीही गाड्या सारख्या झाल्या नसत्या. हौशी रेसिंगमधल्या वादांत हा मुद्दा बहुधा सुटून जातो, म्हणून त्यावर थोडा वेळ थांबतो.

दोन कल्पित गाड्या घ्या. दिसायला अगदी सारख्या, म्हणजे हवा दोघींना सारखीच अडवते. पहिली १,००० किलोची, चाकांपाशी १०० अश्वशक्ती. दुसरी १,२०० किलोची, १२० अश्वशक्ती. शक्ती आणि वजनाचे प्रमाण तंतोतंत सारखे. ताशी १६० किलोमीटरला हवा कापण्यातच ४५ अश्वशक्ती खर्च होतात असे धरू. एवढ्या आकाराच्या गाडीला ते वास्तवाच्या जवळ आहे. मग वेग वाढवण्यासाठी पहिलीकडे ५५ उरतात आणि दुसरीकडे ७५. वजनाने भागले तर पहिलीला प्रत्येक शंभर किलोमागे ५.५ मिळतात, दुसरीला ६.२५. म्हणजे ‘सारखी’ केलेली जड गाडी त्या वेगाला जवळजवळ चौदा टक्के अधिक जोराने पुढे सरकते. आता वेग निम्मा करा, ताशी ८०. हवेवर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने बदलते, म्हणून ती आठव्या हिश्श्यावर येते, साडेपाचच्या आसपास. तेव्हा दोन्ही गाड्यांतला फरक एका टक्क्यावर येतो.

कारण असे, की हवेला गाडीचे वजन कळत नाही. ती आकार आणि वेग पाहते. म्हणून शक्तीचा फरक वजनाने झाकायला जाल, तर तो हळू वेगाला झाकला जातो आणि लांब सरळ पट्ट्यावर पुन्हा उघडा पडतो.

वळणात उलटा प्रकार होतो. टायरवरचा भार दुप्पट केला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही; थोडी कमीच पडते. त्यामुळे त्याच टायरवर उभी असलेली हलकी गाडी वळणातून थोडी जास्त वेग राखून निघते, थोडी उशिरा ब्रेक मारते, आणि शर्यतीच्या शेवटच्या लॅपपर्यंत तिचे टायर कमी थकतात. दोन गाड्यांचा लॅपचा वेळ अगदी एक आला, तरी त्या वेळेची कमाई वेगवेगळ्या जागी झालेली असते. आणि शर्यतीत जागेला फार मोल असते. सरळ पट्ट्यावर ज्याचा जोर आहे, तो पुढच्याला सहज गाठून ओलांडतो. वळणात ज्याचा जोर आहे, तो पुढच्याच्या मागे अडकतो. वळणात त्याला जागाच मिळत नाही. घड्याळ दोघांना सारखे म्हणते, पण गर्दीत १.६ वाल्याची कोंडी होते. १.६ चालवणाऱ्यांची जुनी तक्रार हीच आहे आणि तिच्यामागे खरे भौतिकशास्त्र आहे. तिला रडगाणे म्हणून उडवून लावणे मला मान्य नाही.

चकतीने काय साधले, काय राहिले

रिस्ट्रिक्टर प्लेट हा वजनापेक्षा प्रामाणिक उपाय आहे, कारण दुखते त्या जागी ती हात घालते. फरक शक्तीचा आहे, तर शक्तीच कमी करा. शिवाय ती पातळ, स्वस्त, तपासायला सोपी. हौशी माणसाच्या खिशाचा विचार करता हे शेवटचे कारण लहान नाही.

मात्र तीही सगळीकडे सारखी काम करत नाही. इंजिन जितके जोरात फिरते तितकी त्याला हवा जास्त लागते, म्हणून चकती वरच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्या होत असताना, गळा आवळते आणि मधल्या आरपीएमला जवळजवळ मोकळे सोडते. मोठ्या इंजिनाचा मधला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तसाच राहतो. हळू वळणातून बाहेर पडताना, गिअर थोडा वरचा राहिला असताना, १.८ वाला नुसता पाय दाबतो आणि गाडी निघते, १.६ वाल्याला इंजिन वरच्या पट्टीत ठेवण्यासाठी गिअरशी झटावे लागते. दोघांची कमाल शक्ती एकाच आकड्यावर आणली, तरी आलेखाच्या पोटातला फरक शिल्लक राहतो. म्हणून डायनोवरचा, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्रावरचा, सर्वांत वरचा बिंदू पाहून भागत नाही. शर्यतीत इंजिन ज्या पट्ट्यात फिरते, त्या पूर्ण पट्ट्यातली सरासरी पाहावी लागते.

आता ट्रॅक बदला. या वर्गाची राष्ट्रीय स्पर्धा एका जागी बसून राहत नाही. २०१४ ची रनऑफ्स लागुना सेकाला झाली. साधारण ३.६ किलोमीटरचा, चढउतारांचा आणि वळणांना वळणे जोडलेला ट्रॅक. पुढच्याच वर्षी ती डेटोनाला गेली, जिथे रोड कोर्सचा मोठा भाग उतरत्या काठाच्या ओव्हलवरून, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरून, पाय पूर्ण दाबून काढायचा असतो आणि लॅप ५.७ किलोमीटरची आहे. त्यानंतर मिड-ओहायो, मग इंडियानापोलिस. वर केलेला हिशेब आठवला तर लक्षात येईल की जो तक्ता लागुना सेकाला बरोबर असेल, तो डेटोनाला बरोबर असूच शकत नाही. सरळ पट्ट्याचा हिस्सा वाढला की पारडे मोठ्या इंजिनाकडे झुकणारच. नियम करणाऱ्यांची ती चूक नव्हे. एका आकड्यात दोन टोकांचे ट्रॅक बसत नाहीत, एवढेच.

मग प्रत्येक ट्रॅकसाठी वेगळा तक्ता करावा का? व्यावसायिक जीटी रेसिंगमध्ये ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’ या नावाने असे केले जाते. तिथे संघांकडे अभियंते असतात, आयोजकांकडे सेन्सरची माहिती असते. हौशी माणूस शुक्रवारी रात्री ट्रेलर ओढत येतो. त्याने दर आठवड्याला शिशाच्या विटा काढायच्या-घालायच्या, चारही चाकांवरचा भार पुन्हा जुळवायचा, हे त्याच्याकडून मागणे मला जाच वाटते. हौशी वर्गात वर्षभराची सरासरी सारखी येणे पुरे. पण मग ती सरासरी आहे हे उघडपणे सांगायला हवे. ‘सगळ्या गाड्या समान आहेत’ असे म्हणत राहिले की प्रत्येक निकाल फसवणूक वाटू लागतो.

माणसाचे वजन

या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत कमी बोलला गेलेला आणि सर्वांत अन्यायकारक भाग इथे आहे.

किमान वजन गाडी आणि चालक मिळून मोजले जाते. ज्या गाडीचे किमान वजन जास्त, तिच्यात बॅलास्ट, म्हणजे शिशासारखे भरीचे वजन, घालावे लागते. ज्याला बॅलास्ट घालावे लागते, त्याला ते काढताही येते. समजा नव्या मॉडेलचा चालक ६५ किलोचा आहे आणि त्याच्या गाडीत ४० किलो बॅलास्ट आहे. त्याच्या जागी १०० किलोचा चालक बसला की ३५ किलो बॅलास्ट काढले, हिशेब जुळला. १.६ ची गोष्ट निराळी. तिचे किमान वजन मुळातच इतके खाली ठेवलेले असते की रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पोलादी पिंजरा), आग विझवण्याची यंत्रणा, आसन हे सगळे बसवल्यावर तिथपर्यंत पोचायला हलका चालक लागतो. १०० किलोच्या माणसाने काढायचे काय? पोलादी सांगाडा कापायला नियम परवानगी देत नाहीत, आणि देऊ नये. तो किमान वजनापेक्षा तीस किलो वर धावतो. १,०३० वर तीस म्हणजे जवळजवळ तीन टक्के. नियमाने त्याला दिलेली सवलत त्याच्या हातात कधी पडतच नाही.

म्हणजे तक्ता लिहिताना तुलना गाड्यांची केली, आणि निवाडा झाला चालकांच्या शरीरांचा. सडपातळ माणसासाठी १.६ ही वर्गातली चांगली गाडी असू शकते आणि धिप्पाड माणसासाठी तीच गाडी कोणत्याही ट्रॅकवर तोट्याचा सौदा. दोघांना एकच नियम लागू आहे, दोघेही नियम पाळतात, आणि तरी दोघांना मिळणारी वागणूक सारखी नाही.

याला दुसरीही बाजू आहे, आणि ती उलट दिशेने जाते. बॅलास्ट हे नुसते ओझे नसते. जिथे बसवायची परवानगी असते त्या चौकटीत ते जमिनीलगत, चालकाच्या विरुद्ध बाजूला बसवले तर गाडीचा गुरुत्वमध्य खाली जातो आणि डावा-उजवा भार सारखा होतो. हलका चालक आणि तळाशी बोल्टने आवळलेले चाळीस किलो, हे जड चालकापेक्षा चांगले जोडकाम आहे, कारण माणसाचे वजन छातीच्या उंचीला, आणि तेही एकाच बाजूला असते. काट्यावर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. वळणात तशा वागत नाहीत.

व्यावसायिक रेसिंगने हा प्रश्न ओळखला आहे. फॉर्म्युला वनमध्ये २०१९ पासून चालक आणि आसन मिळून किमान ८० किलो ठरवले गेले, आणि कमी पडेल तेवढे बॅलास्ट आसनापाशीच ठेवायचे बंधन आले. त्याआधी उंच चालक उपाशी राहून वजन उतरवत असत. तिथे दहा किलो म्हणजे लॅपमागे सुमारे तीन दशांश सेकंद, असा ढोबळ आडाखा वापरला जातो. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या गाडीला तो जसाच्या तसा लावू नये, पण वजनाची किंमत खरी आहे आणि जिथे शक्ती कमी तिथे ती जास्तच बोचते.

मियाटाच्या तक्त्यात मला करता येणारा बदल साधा वाटतो: सगळ्याच मॉडेलांची किमान वजने थोडी वर उचला. १.६ ला वीस किलो चढवले तर १,०९० किलोच्या गाडीला एकवीस चढवा, म्हणजे प्रमाण बिघडत नाही. हलका चालक वीस किलोची पाटी बोल्टने बसवील. तिला फारसा खर्च नाही. जड चालकाला तेवढे अंतर परत मिळेल. टायर थोडे जास्त झिजतील, लॅपचे वेळ थोडे वाढतील. हा वर्ग विक्रमांसाठी चालत नाही, त्यामुळे ते सोसण्यासारखे आहे.

हरल्याचे वजन की गाडीचे वजन

वजन देऊन बरोबरी साधण्याची कल्पना मोटारींच्या कितीतरी आधीची आहे. घोड्यांच्या शर्यतीत एकोणिसाव्या शतकात अॅडमिरल रूस यांनी वयानुसार वजनाचे कोष्टक रूढ केले: कमी वयाच्या घोड्याचे शरीर पूर्ण भरलेले नसते, म्हणून त्याच्या पाठीवर कमी वजन. त्याच खेळात हँडिकॅप शर्यतीही आहेत, जिथे आजवर जास्त जिंकलेल्या घोड्याला जास्त वजन मिळते. दोन्हींत वजनच वापरले जाते, पण हेतू निराळे. पहिला प्रकार घोड्याच्या हाती नसलेली गोष्ट भरून काढतो आणि पुढचे त्याच्यावर सोडतो. दुसरा प्रकार सगळे एकदम रेषेवर यावेत म्हणून गुणवत्तेवरच कर बसवतो.

मोटार रेसिंगमध्ये दुसऱ्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपचे. तिथे गुणतक्त्यात वर असलेल्याच्या गाडीत यशाचे बॅलास्ट भरले जाई; २०२१ मध्ये त्याची मर्यादा ७५ किलो होती आणि २०२२ ते २०२४ या हंगामांत त्या जागी हायब्रिड शक्तीच्या वापरावरचे बंधन होते. प्रेक्षकांसाठी चालणाऱ्या खेळात ते ठीक आहे. नियम आधीपासून सर्वांना माहीत असतो आणि अनिश्चितता हाच विकायचा माल असतो.

हौशी वर्गात मात्र पहिलाच प्रकार योग्य, असे माझे ठाम मत आहे. माणूस स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या सुट्टीत येतो तो आपण किती चांगले चालवतो हे कळावे म्हणून. त्याने शंभर लॅप सराव करून कमावलेला अर्धा सेकंद कोणी शिसे घालून परत घेतला, तर त्याने सराव कशासाठी करायचा? तक्त्याचे काम १.६ आणि १.८ मधला फरक भरून काढण्याचे आहे. दोन चालकांमधला फरक भरून काढायला त्याला कोणी सांगितलेले नाही.

प्रत्यक्षात हे दोन प्रकार एकमेकांत मिसळतात, कारण नियम ठरवणाऱ्यांपुढे बहुतेक वेळा निकालच असतात. आणि निकाल फार खोटे बोलतात. एखादे मॉडेल थोडे वरचढ आहे अशी कुणकुण लागली की चांगले चालक तीच गाडी घेतात. मग पहिल्या दहांत तेच मॉडेल दिसते, कुणकूण पक्की होते, आणि त्या मॉडेलवर वजन चढते. वजन चढले ते चालकांमुळे, सोसावे लागले ते मॉडेलला. मधल्या फळीत त्याच मॉडेलची गाडी चालवणारा एखादा शिक्षक किंवा मेकॅनिक, जो आधीही तिसावा येत होता, तो आता पस्तिसावा येतो. त्याचा काय दोष?

ड्राफ्टिंगमुळे आणखी गोंधळ होतो. मियाटा एकमेकींच्या मागे हवेच्या आडोशाला चिकटून पळतात. मागच्या गाडीला हवा कमी कापावी लागते, म्हणून सरळ पट्ट्यावर कमी पडणारी गाडीही घोळक्यात टिकून राहते. शर्यतीच्या शेवटी दहा गाड्या दोन सेकंदांत आल्या, म्हणजे तक्ता बरोबर आहे, असा निष्कर्ष काढणे म्हणजे दोरीने बांधलेल्या दहा जणांची चाल सारखी आहे असे म्हणण्यासारखे आहे.

आणि २०१४ ची रनऑफ्स विसरून चालणार नाही. त्या वर्षी स्पेक मियाटाच्या शर्यतीनंतर इंजिने उघडून तपासली गेली, तेव्हा आघाडीच्या कित्येक गाड्यांच्या सिलिंडर हेडवर नियमांत न बसणारे काम झालेले आढळले आणि अनेकांना निकालावर पाणी सोडावे लागले. शिस्तीचा भाग बाजूला ठेवला तरी त्याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. पुढच्या गाड्यांच्या इंजिनांत काय आहे हेच जर ठाऊक नसेल, तर त्या गाड्यांच्या निकालांवरून कोणत्या मॉडेलला किती वजन द्यायचे हे कसे ठरवणार? अशा निकालांवर आधारलेला तक्ता नियम पाळणाऱ्याला दोनदा शिक्षा करतो. एकदा तो बेकायदा इंजिनाकडून हरतो, आणि दुसऱ्यांदा त्या इंजिनाच्या वेगापायी त्याच्याच मॉडेलवर वजन चढते.

तक्ता कशावर उभा करावा

माझ्या मते क्रम असा असावा. आधी प्रत्येक मॉडेलची काही इंजिने उघडून, नियमांत बसतात याची खात्री करून, एकाच डायनोवर चढवावीत. वेगवेगळ्या डायनोंचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यावरून चकतीचे माप ठरवावे, म्हणजे शर्यतीच्या आरपीएम पट्ट्यातली सरासरी शक्ती शक्य तितकी जवळ येईल. वजनाला हात त्यानंतर लावावा, आणि चकतीनंतर जो थोडा फरक उरतो तेवढ्यासाठीच. मग एकाच चालकाला, शक्यतो दोन-तीन जणांना, वेगवेगळ्या मॉडेलांत एकाच दिवशी, एकट्याने, ड्राफ्टविना पळवून जीपीएस लॉगरची नोंद घ्यावी. पाहायचा तो लॅपचा वेळ नव्हे. ठरावीक वेगापासून ठरावीक वेगापर्यंत जायला सरळ पट्ट्यावर किती सेकंद लागले, आणि वळणातला किमान वेग किती राहिला, हे दोन आकडे वेगळे मांडावेत. मग १.६ वाल्याला कागदावर दिसेल की तो कुठे देतो आणि कुठे घेतो. ही नोंद सर्वांसाठी खुली ठेवावी. गुप्त समितीने दिलेला बरोबर आकडासुद्धा लोकांना सलतो; उघड मोजमापावरून आलेला, दोन-चार किलोंनी चुकलेला आकडा लोक चालवून घेतात.

बदल हंगामाच्या आधी जाहीर व्हावा आणि हंगामभर टिकावा. वजन बदलले की स्प्रिंगवरचा भार, गाडीची उंची, चाकांचे कोन, सगळे नव्याने जुळवावे लागते. ज्याने हिवाळाभर गॅरेजमध्ये आडवे पडून गाडी बांधली, त्याला मधेच ‘आता वीस किलो आणखी’ असे सांगणे मला पटत नाही, तो पहिला येत असला तरी.

१.६ साठी एक गोष्ट उरते. तिच्याकडे वजन उतरवायची जागा संपत आली आहे. पोलादाचा सांगाडा आणि केज यांना स्वतःचे वजन असतेच. तिला आणखी मदत करायची तर इतर तिघींच्या चकत्यांचे भोक लहान करावे लागेल, आणि तसे केले तर मैदानातल्या बहुसंख्य गाड्यांची शक्ती एका अल्पसंख्य मॉडेलसाठी उतरवावी लागेल. तरीही मी ते भोक थोडे लहान करण्याच्या बाजूने आहे. चकती बदलायला पाने घेऊन अर्धा तास पुरतो. नव्वद सालच्या गाडीवर ज्याने जीव लावला आहे, त्याला ‘गाडी विकून १९९९ ची घे’ असे सांगण्यापेक्षा ते अर्धा तासाचे काम तिघींनी करावे. किमान वजनापेक्षा तीस किलो वर धावणाऱ्या त्या धिप्पाड चालकाचे मात्र चकतीने भागणार नाही. त्याच्यासाठी सर्वांची किमान वजने वर उचलणे हाच मार्ग आहे, आणि ते दोन्ही बदल एकाच हंगामात, एकाच पत्रकात यावेत.